पान तीनवरचे पारधी आणि स्टेजवरचे आदिवासी

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास आणि मग परत डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचा सीझन आला की आपल्या पेपरांत एक ठरलेला फोटो असतोच बघा. शाळेची पोरं तोंडाला काळं फासून, कमरेला क्रेप पेपरची पानं गुंडाळून, डोक्यात कोंबडीचं पीस खोचून, हातात थर्माकोलचा भाला आणि खाली ओळ काय तर 'आदिवासी नृत्य सादर करताना चिमुकले'. गाणं कुठलंतरी सिनेमातलं, मधे मधे हुर्र हुर्र ओरडायचं, टाळ्या, संपलं. यंदा आमच्या मुलीच्या शाळेत पण हेच बसवलं होतं (शाळेचं नाव लिहीत नाही, बहुतेक ठिकाणी हेच चालतं, एकालाच कशाला पकडायचं). मी बाईंना सहज विचारलं, हे नक्की कुठले आदिवासी ओ? तर म्हणाल्या, अहो तसे कुठले नाही, जनरल.

हे जनरल काही माझ्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तिथं कापा.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे एक कोटी पाच लाखांच्या वर आदिवासी लोक आहेत, चाळीसच्या वर जमाती सरकारी यादीत आहेत. वारली, भिल्ल, पावरा, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, गोंड, माडिया, कोरकू, कोलाम. मेळघाटातला कोरकू आणि पालघरचा वारली एकमेकांसमोर बसले तर आपापल्या बोलीत एकमेकांना काही कळणार नाही इतका फरक. आणि ह्यातलं कुणीही तोंडाला बूटपॉलिश फासून भाला नाचवत नाही. वारल्यांचा तारपा नाच म्हणजे मधे तारपावाला, तारपा म्हणजे भोपळा आणि बांबू वापरून केलेलं लांबच्या लांब तोंडानं फुंकायचं वाद्य, आणि त्याच्या भोवती बायाबापे एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करून गोल फिरतात, तो जसा सूर बदलेल तसे पाय बदलतात. हे शिकायला पोरांना आठवडाभर घाम गाळावा लागेल. हुर्र हुर्र करायला काय लागतं?

वारली चित्रांचं पण तेच चाललंय. आम्ही टॉवेलच्या धंद्यातली माणसं (मी एका कारखान्यात हिशेब बघतो), वारली प्रिंटचे टॉवेल, नॅपकिन, पिशव्या रोज नजरेखालून जातात. पण मूळ ते घरातल्या लग्नाचं चित्र आहे, गेरू लिपलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाष्णी बायका चौक काढतात आणि त्या चौकात पालघट देवी बसते. जिव्या सोमा मशे ह्यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्राला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपल्या सोलापुरी चादरीला आहे तसाच. बाहेरून आलेली डुप्लिकेट चादर कुणी सोलापुरी म्हणून विकली की आपण कसे पेटतो, मोर्चा काढायचीच बाकी ठेवतो, मग मशीनवर छापलेल्या वारल्याबद्दल वारल्याला काय वाटत असेल ह्याचा अंदाज निदान सोलापूरकरांना तरी यायला पाहिजे की नाही?

बरं, हे झालं लांबच्यांचं. पालघर, मेळघाट, गडचिरोली सगळं सोलापूरपासून कोसो दूर, शाळेतल्या बाईंना माहिती नसेल तर एक वेळ समजू शकतो. पण आपल्या गावातल्यांचं काय?

सोलापूरच्या रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक, नंबर तमुक असे पत्ते आधार कार्डावर आहेत. पण ते सेटलमेंट काय होतं हे आमच्या मुलीच्या वर्गात विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही, आणि मोठ्यांतल्या बऱ्याच जणांची पण तीच गत. १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला, १९११ आणि १९२४ ला तो आणखी कडक केला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, म्हणजे पोर आईच्या पोटात असतानाच आरोपी. आपल्याकडं कैकाडी, पारधी, भामटा, टकारी, मांग गारुडी अशा जमातींना धरून तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, पास नसताना सापडला की शिक्षा. सोलापूरचं सेटलमेंट मुंबई इलाख्यातल्या मोठ्यांपैकी एक होतं. आणि सोलापुरातच एवढं मोठं का, तर इथं गिरण्या होत्या. जुनी मिल १८७७ ची, मग बाकीच्या उभ्या राहिल्या, त्यांना स्वस्तात हुकमी मजूर पाहिजे होते आणि कुंपणातल्या माणसाला काम सोडून पळून जाता येत नाही. सरकार त्याला सुधारणा म्हणायचं. ज्यांची वागणूक सरकारला बरी वाटायची त्यांना तारेबाहेर फ्री कॉलनीत घर मिळायचं, पण तिथंही नजर होतीच.

गिरणगाव म्हणून सोलापूरचं कौतुक आपण सगळेच करतो, भोंग्याच्या आठवणी लिहितो, चिमण्या पाडल्या की हळहळतो. त्या कापडाच्या गाठीत ह्या लोकांचे हात होते हे मी तरी कुठल्या भाषणात ऐकलं नाही.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला. हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाल्यावर सुटले, पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. म्हणून हे समाज ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आपल्या गावात १२ जानेवारीला चार हुतात्म्यांना आपण मानवंदना देतो, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं पोरांना पाठ आहेत, आणि असलीच पाहिजेत. पण ३१ ऑगस्टचं नाव शहराच्या कॅलेंडरवर कुठं आहे? त्या त्या वस्तीत कार्यक्रम होतात, बाहेरचा कुत्रा फिरकत नाही. खरं तर देशातल्या भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राचा आयोग नेमला गेला, २००८ ला त्याचा रिपोर्ट आला, त्याचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके, आपल्या सोलापूरचे. म्हणजे दिल्लीला माणूस इथून गेला आणि आपण इथले ढिम्म.

९ ऑगस्टचं पण जरा सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो फक्त क्रांती दिन म्हणून माहितीय. युनोत मूळनिवासी लोकांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या गटाची पहिली बैठक १९८२ ला ह्या तारखेला झाली, म्हणून १९९४ ला युनोनं हा दिवस ठरवला. आता भारतात २०२१ पासून १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांच्या जयंतीला जनजातीय गौरव दिवस पण असतो. दोन दोन दिवस आहेत, आनंदच आहे. पण दोन्ही दिवशी तेच पीस आणि तोच भाला असेल तर दोन काय आणि दहा काय.

माझी भाची कॅनडात असते, तिचा मुलगा तिथल्या शाळेत जातो. तिथं ३० सप्टेंबरला सगळी पोरं केशरी शर्ट घालून जातात. का, तर १९७३ मध्ये एका सहा वर्षांच्या आदिवासी मुलीला तिच्या आजीनं घेऊन दिलेला नवा केशरी शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला, तो तिला परत मिळालाच नाही. मूळनिवासींची पोरं घरातून उचलायची, त्यांची भाषा बंद करायची, असल्या त्या शाळा, शेवटची बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. त्या मुलीनं मोठेपणी ही गोष्ट सांगितली आणि २०२१ पासून तो दिवस देशाचा अधिकृत दिवस झाला. भाची म्हणाली, त्या दिवशी नाचबिच काही नसतं, बाई पोरांना सांगतात की आपल्या देशानं ह्यांच्याबरोबर काय केलं, नाच आणि ढोल वेगळ्या दिवशी, जूनमध्ये, आणि तेही त्यांचे लोक येऊन करतात. तिथं सगळं गोड चाललंय असं नाही, भाचीच सांगते, पण आधी काय सांगायचं आणि नंतर काय नाचायचं ह्याचा क्रम तरी त्यांनी लावलाय.

आता आपल्या भाषांचं घ्या. सोलापूरकर कुठंही गेला की अभिमानानं सांगतो, आमच्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारी भाषा चालतात. मी पण सांगतो. पण पारध्यांची भाषा गुजराती-राजस्थानीच्या जवळची, कैकाड्यांची द्राविडी, तमिळच्या नात्यातली, लमाणांच्या तांड्यावरची गोरमाटी परत वेगळी. ह्या तीन मोजायच्या राहून जातात. आणि ह्या भाषा बोलणारी पोरं झेडपीच्या शाळेत पहिलीला येतात तेव्हा त्यांना मराठी पुस्तकातलं अर्धं कळत नाही, मग ती मागं बसतात, मग येत नाहीत, मग आपण म्हणतो ह्यांना शिकायचंच नसतं. आपल्याकडं विद्यापीठ आहे, मोबाइल तर सगळ्यांकडंच आहे, म्हाताऱ्या माणसांची गाणी-गोष्टी त्यांना विचारून रेकॉर्ड करून ठेवायला काय कोटीचं बजेट लागतं का?

विचारून हा शब्द मी मुद्दाम टाकलाय. उत्तर सोलापूर तालुक्यात मेव्हण्याच्या शेताला लागून फासेपारध्यांची थोडी पालं आहेत. त्यांच्यातले एक आजोबा मेव्हण्याच्या ओळखीचे, त्यांनी आम्हाला फासे दाखवले. बांबूच्या बारीक कामट्या दोरीनं एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येक कामटीला एक फास, गुंडाळला की काखेत मावतो आणि उलगडला की झुडपातल्या वाटेवर कुंपणासारखा उभा राहतो. मग ते बसले आणि तोंडानं तित्तराचा आवाज काढला. एकदा, दोनदा, आणि पलीकडच्या बांधावरून खरा तित्तर उलटा ओरडला! नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, म्हणून तो भांडायला येतो, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि लगेच फासा गुंडाळून ठेवला, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीला बंदी आहे आणि ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहितीय. माझ्या मुलीनं मोबाइल काढला तर म्हणाले, पोरी फोटो नको, उद्या ह्याच फोटोवरनं कुणीतरी पालावर येईल. पालात देवाचं गाठोडं होतं, त्याच्याकडं बघू पण नका म्हणाले, आम्ही नाही बघितलं. चहा मात्र आग्रहानं पाजला.

एवढं पाखरांचं ज्ञान! इथून जवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य, लांबून लांबून लोक तिथं काळवीट, लांडगे आणि माळरानावरची पाखरं बघायला कॅमेरे घेऊन येतात. अकोला-वाशिमकडं फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर वाचवायचं काम चाललंय, पक्षी कुठं असेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. आपल्याकडं शाळेची सहल नान्नजला नेताना अशा एखाद्या आजोबांना गाइड म्हणून घ्यावं आणि गाइडचे पैसे द्यावे असं कुणाच्या मनात का येत नसेल? पैसे म्हणजे पैसे. सत्काराला शाल, नारळ आणि वर एक चादर देऊन फोटो काढायची आपल्याला भारी खोड आहे. भरतनाट्यमवाल्या मॅडमना मानधन पाकिटात देता ना, मग ह्यांना नारळावर का भागवता?

लमाणांचं पण असंच. (लमाण-बंजारा आपल्या राज्यात विमुक्त जातीत, तीच माणसं विजापूरला गेली की अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. त्यावरून सध्या केवढा वाद पेटलाय ते सगळ्यांना माहितीय, त्या वादात मला पडायचं नाही, तो माझा विषय नाही.) मुळेगाव तांडा म्हटलं की सोलापूरकराच्या तोंडात पहिला शब्द हातभट्टी. २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते मॅडम एसपी असताना ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं, लोकांना दुसरे धंदे मिळवून द्यायचा प्रयत्न केला, त्याचं कौतुक देशभर झालं, चांगलंच झालं. पण श्रावणात तांड्यावर तीज असते हे कितीजणांना माहितीय? कुमारिका टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, रोज पाणी आणून शिंपतात, गाणी म्हणतात, अंकुर चांगले वर आले की शेवटच्या दिवशी ते खुडून वाटतात आणि टोपल्या वाजतगाजत पाण्यात सोडतात. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय तीज बसत नाही. आणि आपण गॅदरिंगला काय करतो, ड्रेपरीवाल्याकडून आरशाचा घागरा भाड्यानं आणतो आणि आठ वर्षांच्या पोरीच्या केसात घुगरी-टोपली अडकवतो. घुगरी-टोपली लग्न झालेल्या बाईचा दागिना आहे ओ! उद्या कुणी आपल्या दुसरीतल्या पोरीला स्टेजवर मंगळसूत्र घालून नाचवलं तर? तांड्यावरच्या एखाद्या याडीला (याडी म्हणजे आई) बोलावून विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, वर काचोळीवरचं कशिद्याचं काम कसं करतात ते पण दाखवलं असतं.

काहीजण म्हणतील, ह्यांच्यात सगळंच काय गुण गावं असं आहे का, जातपंचायती बघा, बायकांवर काय काय लादतात बघा. बरोबर आहे, आहेच ते. पण त्याच्याविरुद्ध पहिला आवाज कुणी काढला? पुण्याकडं कंजारभाट समाजातल्याच तरुण पोरापोरींनी कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली, मार खाल्ला, वाळीत पडले, तरी मागं हटले नाहीत. राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ ला केला तोही जातपंचायतींच्या जाचाला कंटाळलेल्या लोकांनी आणि त्यांच्या मागं उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्यामुळं. तेव्हा ऐकायचंच असेल तर ह्या पोरांचं पण ऐका. वस्तीतल्या पंचांचा सत्कार करून सगळ्या समाजाचा सन्मान केला असं होत नाही.

आता मुद्दा तुमचा, म्हणजे पेपरांचा. रागावू नका. मराठी पेपरांत पान तीनवर आजही 'पारधी टोळी जेरबंद', 'पारधी वस्तीवर छापा' असे मथळे येतात. बाकी कुठल्या जातीचा माणूस चोरीत सापडला तर मथळ्यात जात छापता का? बँकेतला अपहार करणाऱ्याची जात मी तरी कधी मथळ्यात वाचली नाही. कायदा १९५२ ला गेला, मथळ्यातून अजून जायचाय. पेपर वाचून घरमालक खोली देत नाही, वर्गातली पोरं 'ए पारध्या' म्हणतात, आणि कुठं चोरी झाली की आधी पालावर गाडी जाते. मेव्हण्याच्या शेताजवळच्या त्या पालांतला एक पोरगा चौथीत आहे, तो शाळेत आडनाव सांगतो आणि गप बसतो, समाज सांगत नाही. माझ्या मुलीच्या वर्गातली पोरं काळं फासून आदिवासी होतात तेव्हा टाळ्या पडतात, हा खराखुरा आहे तर त्याला लपवावं लागतं.

तर माझं म्हणणं एवढंच की तुमच्याकडं बातमीला जातीचं नाव लावायची पद्धत असेल तर ती बंद करा आणि तसं छापून सांगा, म्हणजे बाकीच्यांना पण लाज वाटेल. ३१ ऑगस्टला सेटलमेंटवर एक पान करा. त्यासाठी कुठल्या साहित्यिकाचा लेख मागवू नका, फ्री कॉलनीत जुनी माणसं अजून आहेत, गिरणीत काम केलेली आहेत, त्यांच्याकडं वार्ताहर पाठवा, त्यांना बोलू द्या. लिहिलेलं छापायच्या आधी त्यांना एकदा वाचून दाखवा, नको म्हणतील तो फोटो छापू नका आणि अंकाच्या प्रती घरपोच द्या. शाळांना सांगायला मी बापडा कोण, पण आमच्या मुलीच्या शाळेत पालक सभेत मी हा विषय काढलाय. पुढच्या गॅदरिंगला काळा रंग नको, आणि नाच बसवायचाच असेल तर ज्यांचा नाच त्यांच्यातला माणूस शिकवायला बोलवायचा, त्याचं मानधन गॅदरिंगच्या वर्गणीतून द्यायचं, असं म्हटलं. दोन-तीन पालक बरोबर आहे म्हणाले, एकजण म्हणाले पोरांच्या मजेत कशाला राजकारण आणता. बाईंनी वहीत लिहून घेतलंय. हेडमास्तरांनी पुढच्या मीटिंगला बघू म्हटलंय, म्हणून पत्राची एक प्रत त्यांना पण देतोय.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर